जेवणाआधीची हाक

थंडी पडली की आमच्या इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटवर पोरं पोपटी लावतात. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, मधेच दडवलेली अंडी, वर पुन्हा पाला. मग मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. काल संध्याकाळी तो वास खिडकीतून आत आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. शेंगा अजून मडक्यात, मडकं अजून जाळात, मी दुसऱ्या मजल्यावर, तरी जीभ आपली तयार होऊन बसलेली. पाणी काही नुसतं तोंडालाच सुटत नाही. त्याच वेळी पोटात, जठराच्या मागे आडव्या पडलेल्या स्वादुपिंडातही चुळबुळ सुरू होते. जेवण येतंय, अशी वर्दी मेंदूकडून एका लांबलचक नसेवरून खाली उतरते आणि साखरेचा कणही रक्तात पोचलेला नसताना थोडं इन्शुलिन सुटतं. अगदी थोडं. पाहुणे यायच्या आधी आपण दारातल्या चपला सरळ करतो ना, तेवढंच.

ही वर्दी कुणाला ऐकू येते आणि कुणाला येत नाही, हे बघण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. अंबरनाथला एमआयडीसीच्या कडेला एक छोटी प्रयोगशाळा होती, तिथं मी नोकरीला होते. काम काय, तर उंदरांची बेटं. स्वादुपिंडात पेशींचे बारीक बारीक पुंजके असतात, त्यांना बेटं म्हणतात. इन्शुलिन तिथंच तयार होतं. ज्या उंदराची स्वतःची बेटं मेलेली, त्याला दुसऱ्या धडधाकट उंदराची बेटं काढून लावायची, आणि तीही स्वादुपिंडात नाही, तर किडनीच्या पातळ सालीखाली. तिथं ती जगायची. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या त्यांच्यात शिरायच्या, उंदराची साखर ताळ्यावर यायची. खरा प्रश्न त्यापुढचा होता. बेटं उपटून काढताना त्यांच्या नसा तुटलेल्या असतात. मग नव्या जागी मेंदूची हाक त्यांना ऐकू येते का?

हे मी आईला मोठ्या उत्साहानं समजावायला गेले होते. आईला बेट म्हटलं की एकच ठाऊक, बांबूचं. उंदराच्या पोटात बांबूचं बेट लावतात हे ऐकून ती इतकी हसली की पदर तोंडात कोंबून ओट्याला टेकली. शिकून शिकून पोरीचं डोकं फिरलं, असं तिनं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, आपलं विहिरीकडचं बेट तर इमारतवाल्यांनी मुळासकट काढलं, ते कुठं लावलं असेल. मला उत्तर माहीत होतं. ते कुठंच लावलेलं नव्हतं.

आमचं घर पालेगावचं. बाबा गेले, जमिनीवर इमारती येणार हे ठरलं, चुलत्यांनी सह्या केल्या, आम्हीही केल्या. शेजारच्या घरातली काकी मुलाकडे कल्याणला गेली. आईला घेऊन मी बदलापूरला खरवईच्या बाजूला फ्लॅटमध्ये आले. दिवाळी नुकतीच झाली होती. फ्लॅट चांगला होता, उगाच खोटं कशाला बोलू. चोवीस तास नसलं तरी पाणी होतं, ओटा काळ्या दगडाचा होता, खिडकीतून डोंगर दिसायचा. आईनं देव मांडले, माठ मांडला, वालाची पुरचुंडी डब्यात ओतली. आणि मग ती खुर्चीत बसली. दिवसभर बसूनच राहिली.

तिला मधुमेह होताच. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनचं इंजेक्शन. सकाळचं मी द्यायचे, नाश्ता समोर बसवून खायला लावायचे आणि कामाला जायचे. सकाळच्या औषधाचा जोर दुपारी चढतो, म्हणून दुपारचं जेवण वेळेवर पाहिजे, हे डॉक्टरांनी दहा वेळा बजावलेलं. पालेगावात हे कधी सांगावंच लागलं नाही. इथं मी संध्याकाळी यायचे तर ताट झाकलेलं तसंच. भात वाळून कडा उचललेल्या. विचारलं की म्हणायची, "मना भूकच नाय लागत गो."

मी चिडायचे. चिडणं हा माझा स्वभावच आहे, काळजी वाटली की आधी राग बाहेर पडतो. घड्याळाचा गजर लावून ठेवला तर तो बंद करायचा कसा हे न कळल्यानं तिनं घड्याळ गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवलं. प्रयोगशाळेतून फोन करायला लागले तर ती "जेवले" म्हणून सांगायची आणि संध्याकाळी ताट तसंच. मग एके दिवशी माझं डोकं दुखत होतं म्हणून मी दुपारीच घरी आले. आई खुर्चीत बसली होती. घामानं ब्लाऊज भिजलेला, हात थरथरत होते, डोळे माझ्याकडे, पण बघत होते कुणा दुसऱ्याकडे. मला तिनं बाबांच्या नावानं हाक मारली. मी साखरेचं पाणी तिच्या ओठाला लावलं, सांडलं, पुन्हा लावलं. ती हळूहळू परत आली आणि पहिलं काय विचारलं असेल तर, तू जेवलीस का. मी तिच्या पायाशी बसून मोठ्यानं रडले. आणखी थोडा उशीर झाला असता तर, हा विचार त्या पूर्ण हिवाळ्यात माझ्या छातीवर बसून होता.

नोकरी सोडायची हे मनात जवळजवळ पक्कं झालं होतं. सोडली असती तर घर चाललं असतं कसंतरी. पण आईला ते कळल्यावर ती जे थोडंफार खात होती तेही बंद झालं. माझ्यामुळं पोरीचं काम जाणार, हे तिला घासाबरोबर गिळवेना. म्हणून मी रोज सकाळी तिला कुलुपाआड सोडून निघत राहिले आणि दिवसभर फोनकडे बघत राहिले.

प्रयोगशाळेत उंदरांना ठरल्या वेळी खाणं मिळायचं. खाण्याचा पत्र्याचा डबा आम्ही आधी मुद्दाम वाजवायचो. डबा वाजला की सगळे उंदीर जाळीला नाक लावून उभे. धडधाकट उंदराच्या रक्तात त्याच क्षणी इन्शुलिन किंचित वाढलेलं दिसायचं, दाताला काही लागायच्या आधी. बेटं लावलेला उंदीरही तसाच धावत यायचा, तशाच मिशा हलवायचा. पण त्याचं इन्शुलिन मात्र जागचं हलायचं नाही. खाणं पोटात जाऊन साखर रक्तात आल्यावरच ती बेटं कामाला लागायची. उंदराला कळलेलं असायचं, बेटाला कळलेलं नसायचं. ते बघताना मला घरच्या खुर्चीतली आई दिसायची आणि माझा पिपेटचा हात चुकायचा. आमचे मोठे डॉक्टर शांत माणूस, ते नुसतं म्हणायचे, पुन्हा करा.

पालेगावात आईला भूक कोण लावायचं, याचा विचार मी तेव्हा करू लागले. बाराच्या सुमाराला कंपनीचा भोंगा व्हायचा. तो झाला की कुडापलीकडून काकी ओरडायची, "जेवलीस का गो?" आणि आईचं उत्तर ठरलेलं, "आधी पोरां जेवूदे." तिच्या तोंडात हा आधी सारखा असायचा. आधी म्हातारे, आधी शेतावरून आलेले, आधी मनी. मनी म्हणजे मी. मनीषा हे नाव शाळेपुरतं. हे सगळे आधी जेवून झाले की मग ती पाट ओढायची आणि जे उरलंय ते चवीनं खायची. तेव्हा मला याचा संताप यायचा. बायकांनीच का मागे राहायचं म्हणून मी वाद घालायचे. आता फ्लॅटमध्ये तिच्या आधी जेवणारं कुणीच नव्हतं आणि तिचं जेवण सुरूच होत नव्हतं.

मग पौषाच्या सुमारास काहीतरी बदललं. मी घरी आले तर ताट घासून पालथं घातलेलं. दुसऱ्या दिवशीही. मला वाटलं, भात खिडकीतून कावळ्यांना गेला असणार. पण बोटातलं रक्त घेऊन साखर तपासली तर आकडा शहाण्यासारखा वागत होता. आईच्या गालांवरही थोडं तेज आलेलं. विचारलं तर म्हणाली, "आधी इचारते, मंग जेवते मी." आधी कोण? तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे मान उडवली. "ती. आधी."

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली पाइपांची उभी बोळ. समोरच्या फ्लॅटचीही खिडकी त्याच डक्टमध्ये, हात लांब केला तर वाटी देता येईल इतकी जवळ. तिथं लाजवंती आंटी राहायच्या. सिंधी. अगदी लहान असताना आईच्या कडेवर बसून सिंध सोडून आलेल्या, उल्हासनगरच्या बराकीत वाढलेल्या, तिथंच लग्न, तिथंच संसार. मुलानं बदलापूरला फ्लॅट घेतला म्हणून म्हातारपणी पुन्हा एकदा उचलून इथं आणलेल्या. मुलगा-सून दिवसभर दुकानात. जिन्यात भेटल्या तर त्या माझ्याकडे जरा तिरकसच बघायच्या. मला कळेना, मी यांचं काय घोडं मारलं.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. मी घरी होते, आई वाल सोलत होती. भिजून मोड आलेले वाल, चिमटीत धरून दाबले की सालातून टपकन बाहेर येणारे. साल एकीकडे, डाळिंबी एकीकडे. बाराच्या आसपास डक्टमधून पातेल्याचं झाकण आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग हाक.

"अदी, मानी खाधी?"

आईचा हात थांबला. ती उठली, खिडकीपाशी गेली आणि तिच्या खास हिंदीत म्हणाली, आज मनी घर में है. पलीकडून समाधानाचा हुंकार आला. आई परतली आणि न सांगता दोन ताटं घेऊन वाढायला बसली. मला म्हणाली, बघ, कशी बाई आहे. रोज बरोबर जेवणाच्या टायमाला विचारते, आधी मनी खाते का. परक्याच्या पोरीची एवढी चौकशी आजकाल कोण करतं? मी तिला सांगते, मनी डबा में गयी, म्हणजे डबा घेऊन कामाला गेली. मग तिच्या जिवाला बरं वाटतं, मग माझ्याही. मग मीपण बसते. आणि ती बिचारी रोज खिडकीतून एक जाड भाकरही पाठवते. आज नाही पाठवली, का कोण जाणे.

जाड भाकर म्हणजे कोकी, कांदा-मिरची घालून तुपावर भाजलेली. तिची रिकामी ताटली परत करायला म्हणून मी संध्याकाळी आंटींकडे गेले, वाटीत आईनं दिलेलं वालाचं बिरडं. आंटींनी वाटी घेतली, मला सोफ्यावर बसवलं आणि फैलावर घेतलं. सगळी मानी तू डब्यात घेऊन जातेस, तुला काही वाटत नाही? आई एवढी बिमार. रोज विचारते मी तिला, रोज ती तेच सांगते, मानी डब्यात गेली. दोन तरी ठेवत जा तिच्यासाठी.

मला काही समजेना. उल्हासनगरच्या कॉलेजात मी एवढी वर्षं काढली, पण सिंधी शिव्यांपलीकडे सिंधी काही आली नव्हती. मी म्हटलं, आंटी, मनी तर माझं नाव आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या, पोळ्यांचा डबा घेऊन आल्या, एक पोळी उचलून माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाल्या, "ये. इसको बोलते हैं मानी." आणि अदी? अदी म्हणजे बहीण. बहीण, पोळी खाल्लीस? एवढंच त्या विचारत होत्या. उल्हासनगरच्या कॅम्पात प्रत्येक बाई प्रत्येक बाईला हेच विचारते, म्हणाल्या. त्यात विशेष काही नाही. त्यानंतर आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांची सून बाहेर येऊन बघून गेली.

घरी येताना मात्र, चार पावलांचं ते अंतर, मी दाराशीच थांबले. सांगावं की नको? ही एवढीशी चुकीची ऐकलेली हाक आईला रोज ताटापाशी आणत होती. खरं सांगितलं आणि ती पुन्हा खुर्चीत जाऊन बसली तर? पण आंटी उद्या स्वतःच हसत सांगणार, हे उघड होतं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. मी सांगितलं. अदी म्हणजे बहीण, मानी म्हणजे भाकरी, ती तुझं विचारते, माझं नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. हातातला वाल दाबला, डाळिंबी बाजूला टाकली. दुसरा वाल उचलला. मग म्हणाली, "म्हंजे दोघींचा इचारते ती."

मी म्हटलं, नाही गं, ती फक्त...

"ती बोलते तवा तिच्या तोंडात मी असते, माझ्या कानात तू असतेस. दोघी जेवतो ना मंग?"

दुसऱ्या दिवसापासून तिचं उत्तर तेवढं बदललं. मनी बी खायेंगी, मैं बी खाती. आंटींना मात्र तिनं शेवटपर्यंत 'आधी' हेच नाव ठेवलं. आधीकडे डाळ दे, आधीला ताप आलाय, आधीचा पोरगा आला का बघ. कोकी येतच राहिली. इकडून बिरडं जात राहिलं, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. आंटींनी पहिल्यांदा सुकट खाल्ली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं आणि तरी वाटी पुसून परत पाठवली.

त्याच वसंतात आमच्या काचपट्ट्या तयार झाल्या. बेटं लावून बरेच महिने झालेल्या उंदराच्या किडनीचे पातळ काप, नसा दिसाव्यात म्हणून रंगवलेले. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बेटाच्या कडेनं, मग बेटाच्या आतही, दोऱ्यासारखे बारीक फाटे शिरलेले होते. त्या स्वादुपिंडातल्या जुन्या नसा नव्हत्या, त्या तर कधीच तुटलेल्या. हे फाटे शेजारचे, किडनीकडून आलेले. डॉक्टर म्हणाले, नस शिरली म्हणजे जुनंच काम करते असं नाही. ती काय सांगते आणि बेटाला काय कळतं, हे वेगळं तपासावं लागेल. आम्ही पुन्हा डबा वाजवला. पुष्कळांमध्ये काहीच हललं नाही. एकात मात्र, खाणं द्यायच्या आधी, इन्शुलिन इवलंसं वाढलेलं दिसलं. एका उंदरावरून काही म्हणता येत नाही, ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. मी मान डोलावली. पण मला आत खोल कुठंतरी इतका आनंद झाला की तो शास्त्राच्या कुठल्याच वहीत लिहिण्यासारखा नव्हता.

प्रयोगशाळा पुढं बंद पडली. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले, सकाळची वेळ, दुपारी घरी. मुलांना स्वादुपिंड शिकवताना अजून मी पत्र्याचा डबा वाजवून दाखवते, ती हसतात. आई त्या हिवाळ्यानंतर कितीतरी हिवाळे जगली. खूप जेवली. पालेगावचं नाव काढलं की गप्प व्हायची, ते काही गेलं नाही. पण बारा वाजले की कान खिडकीकडे. शेवटी गेली तीही गेल्या थंडीत, शांतपणे, वाल सोलायचे राहिलेच म्हणून पुटपुटत.

तिच्यामागे ते दिवस मी घरात नुसती फिरत होते. माणसं येत होती, जात होती, डबे आणून देत होती. सगळे गेल्यावर एका दुपारी मी एकटी ताटासमोर बसले आणि घास उचलवेना. भूक म्हणून काही असतं हेच शरीर विसरलेलं. शिकवताना मी मुलांना किती सहज सांगते, वर्दी गेली की इन्शुलिन सुटतं. आणि वर्दी आलीच नाही तर?

डक्टमध्ये झाकण आपटलं. आंटी आता ऐंशीच्या पुढं गेल्यात, आवाज बारीक झालाय, हात कापतात. आईला पोचवायला त्या जिन्यापर्यंत आल्या होत्या, कठड्याला धरून रडल्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण जिभेला एवढ्या वर्षांची सवय. "अदी," असं म्हणून त्या थांबल्या. मला वाटलं, खिडकी लावून घेतली असेल. मग हळूच उरलेलंही आलं. "मानी खाधी?"

सिंधी मला आता चांगली समजते. अदी म्हणजे बहीण, मानी म्हणजे पोळी. पण त्या दुपारी मला ते ऐकू आलं नाही. आईला जे ऐकू यायचं तेच मला आलं. आधी मनी खाते का?

मी उठून खिडकीपाशी गेले आणि म्हटलं, "हां आंटी, मनी खाती है." आणि मला भूक लागली.